आप्पांसाठी एक बाटली समुद्र

किस्से गोळा करायला गावभर हिंडावं लागत नाही. एका जागी खुर्ची टाकून बसलं की पुरतं, फक्त जागा बरोबर पाहिजे. माझी जागा दौंडच्या लोकोशेडमधल्या ऑफिसात होती आणि काम होतं रेल्वेच्या माणसांना फुकट प्रवासाचे पास लिहून द्यायचं. वाफेच्या इंजिनांचे दिवस. वर्षातून एकदा तरी प्रत्येकजण माझ्या टेबलासमोर उभा राहायचा. कुठं जायचंय विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, मुंबई. कशाला, तर समुद्र बघायला. जाताना पास न्यायचा आणि आल्यावर काय काय झालं ते सांगायला परत यायचं, असा रिवाजच पडला होता. ऐकून घ्यायचा पगार मला मिळत नव्हता, पण ते काम मी पासापेक्षा जास्त मन लावून केलं.

माझ्या मागच्या भिंतीवर एक कागद डकवलेला होता. ‘मुंबईस गेल्यावर करावयाच्या गोष्टी.’ पहिली ओळ माझी: बोरीबंदर स्टेशन बाहेरून पाहणे. हे लिहावं लागलं, कारण आमची माणसं गाडीतून उतरली की आधी इंजिन बघायला जायची आणि मान वर न करता स्टेशनाबाहेर पडायची. पुढच्या ओळी जाऊन आलेल्यांनी वाढवल्या. राणीचा बाग, म्युझियम, घारापुरीची बोट, म्हातारीचा बूट, चौपाटीवर भेळ. भेळेपुढं कुणीतरी ‘तिखट आहे’ असा शेराही मारून ठेवला होता.

शेवटची ओळ मात्र सगळ्यांना बंधनकारक होती. ‘समुद्राचे पाणी, बाटली एक. आप्पांसाठी.’

*

शमुवेल आप्पा मूळचे शिरूरच्या मिशनच्या आवारातले. शेडमध्ये त्यांचं काम बॉयलर धुवायचं. इंजिनाच्या पोटात पाणी उकळून उकळून पांढरी खपली धरते, ती काढून बॉयलर आतून लख्ख करायचा. कुठल्या पाण्यानं किती खपली धरते हे आप्पांना जिभेवर कळायचं. केडगावचं पाणी, नगरचं पाणी, कुर्डुवाडीचं पाणी, एक घोट घेऊन ते नाव सांगायचे.

एकदा कोंडिबा फिटर मुंबईहून आला आणि समुद्राचं कौतुक करत सुटला. एवढं पाणी! आपण इथं टाकी भरायची वाट बघत बसतो, आणि तिकडं नुसतं पडून आहे. आप्पा म्हणाले, बघितल्याशिवाय कसं सांगावं, आणा एक बाटली. कोंडिबाच्या मेव्हण्यानं पुढच्या खेपेला औषधाची रिकामी बाटली भरून आणली. सगळं शेड गोळा झालं. आप्पांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि थुंकला.

“यावर इंजिन पाटसपर्यंतबी जायचं न्हाई,” ते म्हणाले.

पाटस म्हणजे आमच्या पुढचंच स्टेशन. विषय तिथंच संपायला हवा होता. पण आप्पांनी पुढच्या माणसालाही बाटली आणायला सांगितली. आता कशाला, असं मी विचारलं. विहिरीचं पाणीसुद्धा उन्हाळ्यात वेगळं आणि पावसाळ्यात वेगळं लागतं, मग एका बाटलीवरून समुद्राला नाव ठेवणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हापासून बाटल्या येत राहिल्या. निकाल दर वेळी पाटसचाच लागायचा.

*

कोंडिबा दुसऱ्यांदा मुंबईला गेला तेव्हा बायकापोरांच्या गडबडीत बाटली भरायची विसरला. आठवण झाली तेव्हा गाडी उरुळीला उभी होती. गडी हुशार. फलाटावरच्या नळाचं पाणी भरलं, शिदोरीतलं चिमूटभर मीठ टाकलं, बाटली हलवली आणि बूच लावलं.

शेडमध्ये आप्पांनी नेहमीप्रमाणं घोट घेतला. या वेळी थुंकले नाहीत, गिळला. मग कोंडिबाकडं जरा काळजीनं बघत म्हणाले, “समुद्र उरळीपर्यंत आला व्हय?”

कोंडिबा महिनाभर आप्पांच्या समोरून गेला नाही.

*

गफूरमामा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. पाऊस असो, धुकं असो, मामांची गाडी वेळेवर. तर मामा घरच्यांना घेऊन घारापुरीला निघाले. धक्क्यावर बोटीत बसले, सामान ठेवलं आणि बोट हाकणाऱ्या तांडेलापाशी जाऊन चौकशी करायला लागले. पुढची लाइन मोकळी आहे हे तुला कसं कळतं? तांडेल म्हणाला, दिसतं की. मामांनी विचारलं, सिग्नल कुठाय? तांडेल हसायला लागला.

मामा उतरले. बायकोपोरं घारापुरी बघून, लेणी बघून, माकडांनी शेंगा हिसकावलेल्या सोसून परत आली, तोवर मामा धक्क्यावरच बसून होते. मी म्हटलं, अहो मामा, एवढी इंजिनं हाकलीत, आणि बोटीला भ्यालात?

मामा शांतपणे म्हणाले, “रूळ न्हाईत, सिग्नल न्हाई, आन् वर बसा म्हणतोय.”



*

कोंडिबाची आई मांडवगण फराट्याची. म्हातारीनं घोडनदी आणि भीमा सोडून दुसरं पाणी बघितलं नव्हतं. मोठ्या पाण्याला रिकाम्या हातानं कसं भेटायचं म्हणून तिनं गावाहून नारळ नेला, हळदीकुंकू लावलं आणि चौपाटीवर पाण्यात सोडला. लाट आली आणि नारळ तिच्या पायाशी ठेवून गेली. म्हातारीनं पुन्हा सोडला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा कोंडिबानं लांब फेकून बघितला, तरी तासाभरात नारळ हजर.

म्हातारीनं हात जोडले, नारळ पदरात घेतला आणि म्हणाली की देवानं परत दिला म्हणजे तो प्रसाद. दौंडला आल्यावर तो फोडून शेडमध्ये वाटला. एका नारळाचे एवढे तुकडे मी आयुष्यात पाहिले नाहीत. आप्पांनीही तुकडा तोंडात टाकला, घोळवला आणि म्हणाले, “खारट न्हाई लागला.”

*

आता दुसऱ्यांना हसतो म्हणून माझाही किस्सा सांगतो. मी स्वतः गेलो तेव्हा भिंतीवरच्या कागदाची नक्कल खिशात घेऊन गेलो. दोन दिवसांत सगळ्या ओळींवर खुणा केल्या, बाटलीही भरली आणि ट्रंकेत नव्या शर्टात गुंडाळून ठेवली. येताना बूच निघालं. दौंडला ट्रंक उघडली तर बाटली रिकामी आणि शर्ट ओला! बायकोनं लगेच साबण लावून शर्ट भिजत घातला. मी तो तसाच बादलीतून काढला आणि शेडमध्ये नेला. आप्पांनी बाही हातात घेतली, कफाला जीभ लावली आणि विचारात पडले.

“समुद्रच हाय,” त्यांनी निकाल दिला. “साबण मात्र तुमचा.”

*

इतकी माणसं जाऊन आली, पण आप्पा स्वतः कधी गेले नाहीत. हे मी हसत सांगत असलो तरी तेव्हा मला त्याचा राग यायचा, कारण घरी त्यांच्या पत्नी, राहेलमावशी, होत्या.

शिरूरच्या चर्चमध्ये लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी त्यांना सांगितलं होतं की रेल्वेत नोकरी लागतेय, पास मिळेल, तुला समुद्र दाखवीन. नोकरी लागली, पासही मिळाला. दर वर्षी आप्पा माझ्याकडं येऊन दोघांच्या नावाचा मुंबईचा पास लिहून न्यायचे. मावशी ट्रंक भरायच्या. मग एखादं इंजिन धुवायला यायचं आणि आप्पा म्हणायचे, एवढं झालं की निघू. पासाची मुदत संपायची आणि मावशी ट्रंक रिकामी करायच्या. आप्पांचं म्हणणं, आपल्या पाठीमागं बॉयलर कुणी नीट धुणार नाही. तसं कधी घडलं नव्हतं, कारण आप्पा कधी गेलेच नव्हते.

तपासलेल्या बाटल्या ते घरी न्यायचे. मावशींनी त्या खिडकीत ओळीनं मांडल्या होत्या. मी एकदा चहाला गेलो तेव्हा त्यांनी मला ती रांग दाखवली. “पानी दर साली येतंय, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण मला चहा गोड लागेना.

त्यानंतरच्या वर्षी मावशींना कडेचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, आणि राहिलेलीही हळूहळू जाईल. काय बघायचं असेल ते वर्षभरात बघून घ्या.

तिसऱ्याच दिवशी एक इंजिन धुवायला आलं आणि आप्पा बॉयलरमध्ये उतरले. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता कुठं जात नाही.

*

त्या आठवड्यात राहेलमावशी पहिल्यांदाच माझ्या ऑफिसात आल्या. भिंतीला हात लावत लावत टेबलापर्यंत आल्या, उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, “पास माझ्या एकटीच्या नावानं ल्हिवा.”

मी सांगितलं की लिहीन, पण अर्जावर आप्पांची सही लागेल. “मग बलवा त्यास्नी,” त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

आप्पा आले. अंगभर काळं, हातात चिंध्या. अर्ज वाचला, मावशींकडं बघितलं, परत अर्ज वाचला. मावशी भिंतीवरच्या कागदाकडं तोंड करून बसल्या होत्या. मग आप्पांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि अर्जावर आपलंही नाव वाढवलं. “एकटी कशी जाईल,” ते मला म्हणाले. “तिला पान्यातलं काय कळतंय?”

बॉयलर कसा धुवायचा याच्या कोंडिबाला त्यांनी दोन तास सूचना दिल्या, शिवाय खडूनं भिंतीवर लिहून ठेवल्या. सोबतीला मला घेतलं. गाडीत आप्पा पुण्यापर्यंत खिडकीतून मागंच बघत होते.

बोरीबंदरला उतरल्यावर मी कागद काढला आणि स्टेशन बाहेरून दाखवायला लागलो. मावशींनी विचारलं, समुद्र कितव्या ओळीत आहे? मी म्हटलं, शेवटच्या. त्या म्हणाल्या, तिथनंच सुरू करा. आम्ही ट्रामनं थेट चौपाटी गाठली.

ऊन उतरलं होतं. मावशींनी चपला माझ्या हातात दिल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. कपाळावर हात धरून समोर बघत राहिल्या. मान जराही हलली नाही.

आप्पा शेजारी गेले. खाकी कोट, एका हातात रिकामी बाटली. वाकून चूळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, थुंकले. पुन्हा एकदा घेतलं. मी शेडमधल्यासारखा निकालाची वाट बघत थांबलो. तेवढ्यात मोठी लाट आली, पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं. खाली बघत ते मला म्हणाले, कुणीतरी नळ उघडा टाकलाय. भरती म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

मग दोघं चार पावलं मागं आली आणि मावशी ओल्या वाळूत बसल्या. आप्पा उभेच. शेवटी त्यांनी निकाल दिला.

“एवढं पानी पडलंय, आन् एकाबी बॉयलरच्या कामाचं न्हाई.”

मावशींनी समोरून नजर काढली नाही. “हितं बॉयलर हाय का?” त्यांनी विचारलं.

आप्पांनी खरोखरच डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. “न्हाई.”

“मग बसा की.”

आप्पा बसले. बाटली वाळूत आडवी ठेवली. मी मागं दोन्ही चपला धरून उभा होतो, आणि का कोण जाणे, मला तिथून हलावंसं वाटेना.

मग मावशींनी विचारलं, “आवं, पल्याडचा काठ दिसतोय का तुमास्नी?”

आप्पांनी घाई केली नाही. बॉयलरच्या तोंडातून आत बघायचे तसे डोळे बारीक केले, या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं आणि म्हणाले, “न्हाई.”

“मग बरं,” मावशी म्हणाल्या. “मलाबी न्हाई दिसत.”