मावशीचा होकार

लायब्ररीत होते तेव्हा श्रीपादकाकांचा फोन आला. "प्रभा गेली गं. झोपेतच." मी नुसतं "हो का?" म्हटलं. अशा वेळी काय बोलतात, ते मला अजूनही नीट कळत नाही. काही आठवडे झाले त्याला... लिहावं की नाही, हेही ठरत नव्हतं.

माझे आई-बाबा इथं अमेरिकेतच, अल्फारेटाला एका मोटेलात काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. २००५ साली कॉलेजसाठी पिस्कॅटवेला आले, ती प्रभामावशी आणि काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायला. नातं काही नव्हतं. "मावशी म्हण, अहो-जाहो नको," असं तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं.

मी येण्याच्या खूप आधी, इथली सिटिझन झाल्यावर थोड्याच दिवसांत तिला ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला सामान्य नागरिकांसोबत बसायचं, बोलावणं आलं होतं. ओळखीचे लोक काहीतरी कारण देऊन ते टाळायचे. मावशी इस्त्रीची साडी नेसून गेली. दुकान लुटल्याचा खटला होता, आरोपी विशीतला पोरगा. साक्षीदाराने अंधारात, एवढ्या लांबून त्याला ओळखलं कसं, हे तिला पटत नव्हतं. पण शुक्रवारची संध्याकाळ, बाकी सगळ्यांचं 'दोषी' असं ठरलेलं, एकमत झाल्याशिवाय निकाल देता येत नव्हता, एका बाईंना नातवाला आणायला जायचं होतं. "आपण नवीन. आपल्यापायी लोकांना ताटकळत ठेवायचं, बरं दिसतं का?" असं तिला वाटलं. मग कोर्टात जजने एकेकाला विचारलं, हा तुमचाच निर्णय आहे ना? तिनेही येस म्हटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी, चोराच्या टोपीवरच्या डीएनएवरून तो निर्दोष ठरला. हे मावशीला पेपरातून कळलं.

मी तिच्याकडे राहायला आल्यानंतर, निरपराध माणसांना शिक्षा का होते हे तपासायला राज्याने आयोग नेमावा, असं बिल विधिमंडळात आलं. चर्चा मात्र सगळी खर्चाची. कमिटीपुढच्या सुनावणीत सामान्य लोकांनाही बोलता येणार होतं. मावशीने नाव दिलं.

"अगं, तिथं मोठमोठे वकील येतील. तुझं काय काम?" काका म्हणाले.

"वकील नव्हते ज्यूरीच्या त्या खोलीत. मी होते."

मी सोबत गेले. अडखळत, पण सगळं सांगितलं तिने. कमिटीतल्या एका गृहस्थांनी अगदी सौम्यपणे विचारलं, मॅडम, शाळांनासुद्धा पैसे कमी पडताहेत, या आयोगासाठी तुम्ही कशातून काढाल? मावशी म्हणाली, "आय डोन्ट नो, सर." तिची वेळ संपली.

परतीच्या ट्रेनमध्ये ती खिडकीकडे बघत होती. "त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता गं... पण त्या पोराला आत ठेवायलाही पैसे लागलेच की. माझ्याही टॅक्समधले. तेव्हा नाही कुणी विचारलं, कशातून काढू म्हणून."

"मावशी, हे तिथं बोलायचं होतंस."

"मला मेलीला बाहेर पडल्यावरच तोंड फुटतं." थोडं हसली. "पुढच्या वेळी सांगेन."

पुढची वेळ आली नाही. पैशांअभावी बिल बाजूला पडलं, आणि मग मावशीचं हृदय थकत गेलं. आयोगाला किती खर्च यावा, हे मला खरंच समजत नाही. पण तिचं उत्तर राहून गेलंय, म्हणून निदान इथं लिहिते.

मावशी कुणाचाही पहिला होकार धरायची नाही. पिक्चर ठरवायचा असो की भाजी, बाकी सगळे हो म्हणाले की जो गप्प असेल त्याच्याकडे वळायची. "सगळे म्हणतात म्हणून हो म्हणू नकोस हं." आम्ही वैतागायचो. परवा काकांनी चहा पुढे ठेवत विचारलं, "तू इथंच, वरच्या खोलीत राहणार ना?"

"हो काका."

ते बसले नाहीत. आपला कप हातात धरून तसेच उभे राहिले, आणि हळूच म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. नीट विचार कर... मी थांबतो."