वाळवंटी भेंडीला पाणी

नवीन पनवेलच्या आमच्या घरी, गॅलरीत, तुळशीशेजारी एक कुंडी होती. तिच्यातलं झाड मूळचं अमेरिकेच्या वाळवंटातलं. मुलीकडे गेलो असताना रस्त्याकडेच्या रेताडात ते पिकल्या जर्दाळूच्या रंगाने फुललेलं दिसलं आणि बायको उन्हात तशीच उभी राहिली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. म्हणाली, "जास्वंदीच्या कुळातलं आहे. भेंडीचं भावंड."

पुढे तिने बी मागवलं. पॉलिश पेपरवर घासून भिजत घातलं. आपल्याकडच्या मातीत मूळ कुजेल म्हणून उलव्याच्या एका बांधकामावरून मला पिशवीभर दगडाची कच आणायला लावली. दोन पावसाळे कुंडी हॉलमध्ये राहिली. झाडाला मराठी नाव नव्हतं, म्हणून ती त्याला वाळवंटी भेंडी म्हणायची. बोट कचेत खुपसायची आणि कोरडं निघालं तरी आणखी दोन दिवस थांबायची. मला मात्र त्या झाडाची दया यायची.

मग तिचं डायलिसिस सुरू झालं. पाणी मोजून प्यायचं होतं आणि मोजायचं काम माझं होतं. चमचाभर जास्त मागितलं तरी मी नाही म्हणायचो. ती कुंडीकडे बघून हसायची आणि म्हणायची, "आम्हा दोघींचं पथ्य एकच."

शेवटच्या दुपारी तिने पाणी मागितलं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "चारला देतो." ती चारपर्यंत थांबली नाही.

सुतकात घरच्यांनी तुळशीला पाणी घालायचं नसतं. शेजारच्या वहिनींनी ते आपणहून अंगावर घेतलं. त्या जवळच्या विचुंबे गावच्या, शेतीवाल्या घरातल्या. सकाळी तांब्या घेऊन यायच्या, अर्धा तुळशीला घालायच्या आणि उरलेला त्या कुंडीत.

"बाईंच्या हातचं झाड हाय," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. "त्याला कशाला तहानेलं ठेवायचं?"

मी हॉलच्या दारात होतो. 'त्याला नको' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. वर्षभर मी तिला तेच म्हणत आलो होतो. पाणी कचेत उतरताना कुणीतरी घाईघाईने घोट घेत असल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्या दिवशी वहिनी यायच्या आधीच मी दारात जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या दिवशीही. आवाज थांबला की मी आत वळायचो. तोवर माझ्यामागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, पण मी मागे पाहिलं नाही.

झाड मरणार हे मला पहिल्या सकाळपासून माहीत होतं. तिच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

सहाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. नवव्या दिवशी बुंधा बुडाशी काळा, मऊ झाला. तेराव्यानंतर वहिनी तांब्या न घेता आल्या आणि कुंडीपाशी वाकल्या.

"भाऊ, खरं सांगा. माज्या हातानं गेलं का हे?"

"नाही, वहिनी."

"मग?"

"त्याला पाणी सोसत नाही. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

त्यांनी बुंध्याला बोट लावून पाहिलं आणि पदराला पुसलं. रागावतील असं मला वाटलं होतं.

"तुमी रोज दारात उभे राहून बगत होता," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, पानी घातलेलं बगून तुमाला बरं वाटतंय."

"बरं वाटत होतं," मी म्हणालो. ते खरं होतं.


जाताना त्यांनी कुंडी उचलायला हात घातला. मी म्हणालो, राहू द्या.