तात्यांची राणी आणि माझा अँप्लिफायर

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, ही गोष्ट माझ्या सासुरवाडीत आता चारचौघांत सांगत नाहीत.

माझे सासरे तात्या. तीस वर्षं दशावतारात राणी व्हायचे. आता गळा गेला, कान गेले, उरली ती एक जुनी कॅसेट. तिच्यात तात्यांच्या राणीचा विलाप. मी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. (इथपर्यंत मी शहाणा होतो.) वेंगुर्ल्याच्या बाजूला एका जत्रेला त्यांचे जुने सोबती भेटणार होते.

"एकदा तेंका माझी राणी ऐकवूची आसा, मगे मी मोकळो," तात्या म्हणाले.

मी म्हटलं, ऐकवू, माझ्या गाडीतून ऐकवू, अख्ख्या जत्रेला ऐकवू!

कसालच्या फिटरकडून दणदणीत स्पीकर घेतले आणि जोडीला दुकानातला सगळ्यात लहान अँप्लिफायर. फिटरने मान हलवली.

"सर, अँप्लिफायर स्पीकरांच्या ताकदीचो होयो. ह्यो लहान पडतलो. जोर लावल्यात की आवाज फाटतलो, आणि फाटलेलो आवाज स्पीकर जाळता."

"अरे, लहान अँप्लिफायर मोठा स्पीकर कसा जाळेल?" असं म्हणून मी त्याला खडू-फळ्याशिवाय अर्धा तास शिकवलं. बिचाऱ्याने शेवटी मुकाट्याने वायरी जोडल्या.

जत्रेच्या दुपारी देवळासमोर गाडी लावली, चारी दारं उघडली. तात्यांचे सोबती कट्ट्यावर सरसावून बसले. राणी रडू लागली.

"चढवा, जावयबापू. माका ऐकाक येणा नाय," तात्या म्हणाले. मी चढवलं.

"अवो, फाटता आवाज. कमी करा," बायको मागच्या सीटवरून म्हणाली.

"आनी चढवा," तात्या म्हणाले.

सासऱ्याचं ऐकावं की बायकोचं? (लग्नाला बावीस वर्षं झालेला माणूस असा प्रश्न पडूच देत नाही. मला पडला.) मी बटन शेवटपर्यंत फिरवलं. राणी घोगरी झाली, मग खरखरली, मग चक्क डरकाळ्या फोडू लागली.

कट्ट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "राणी खंय आसा रे? ह्यो तर राक्षस बोंबलता."

तेवढ्यात गाडीच्या दारातल्या स्पीकरमधून जळका वास आला, बारीकसा धूर निघाला आणि सगळं गप्प झालं.

तात्या उठले. खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावर घेतला, पहिली ओळ धरली. दुसऱ्या ओळीला ठसका लागला आणि ते खाली बसले. मला डिकीत शिरून वरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं.

"तीस वर्षा राक्षसांका माझी राणी मारूक जमली नाय," तात्या शांतपणे म्हणाले, "ती जावयान मारल्यान."

तेव्हापासून सासुरवाडीला देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की तात्या शेवटी एक मागणं वाढवतात. "आणि ह्या जावयाक खंयच्याच बटनाक हात लावूची बुद्धी देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर ओरडतं. बायको, मुलं, शेजारीपाजारी. मलाही ओरडावं लागतं. आणि काय सांगू, पूर्ण जोर लावूनही तिथे माझा आवाज जराही फाटत नाही.