सरकवलेला कप

नगरला दूध संघाच्या कचेरीत सुपरवायझरच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली, ते नव्वदनंतरचं एक कोरडं वर्ष होतं. टेबलापलीकडे तिघं बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "हातात आकडे नसताना सहकाऱ्यांना एखादी गोष्ट पटवून दिलीत, असा प्रसंग सांगा."

मी काष्टीजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्राचा सचिव होतो. तिथलाच प्रसंग सांगितला. आमचं दूध पातळ म्हणून संघाकडून परत येत होतं. लॅक्टोमीटर फुटलेला, नवा आलेला नव्हता. तरी पाणी कोण घालतो ते मी माझ्या माणसांना एका सकाळी पटवून दिलं, असं म्हणालो.

कसं पटवलं, ते आज सांगतो.

केंद्रावर रांगेत जो पहिला येईल त्याच्या दुधाचा चहा व्हायचा. त्या सकाळी बौद्ध वस्तीतला एक जण पहिला आला. त्याने नुकतीच म्हैस घेतली होती. चहा झाला. मी कप ओठांपर्यंत नेला आणि बाजूला सरकवला.

"का वो भाऊसाहेब, साखर कमी पडली का?" मापाड्याने विचारलं.

"साखर नाही. पाणी जास्त झालंय."

मापाड्याने त्या माणसाकडे पाहिलं आणि आपलाही कप खाली ठेवला. मग बाकीच्यांनी ठेवले. माझं म्हणणं त्यांना इतक्या लवकर कधीच पटलं नव्हतं. का पटलं, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी कप सरकवला होता.

तो माणूस कॅनला झाकण लावत म्हणाला, "भाऊसाहेब, पानी नडतंय का आमी नडतोय, तेवढं सांगा."

"तपासणी झाली की बघू."

"तवर म्हशीला काय सांगू? दूध दिऊ नगं म्हनून?"

कुणीतरी हसलं. त्याचं दूध बंद झालं.

पाणी घालायचा तो आमच्या केंद्राच्या चेअरमनचा भाऊ. त्याच्या गड्याला हापशाखाली कॅन धरताना मी स्वतः पाहिलं होतं. त्यामुळे आमचं दूध पुढेही परत येतच राहिलं. नवा लॅक्टोमीटर आला तोवर त्या माणसाने म्हैस काष्टीच्या बाजारात विकून टाकली होती.

मुलाखतीत पुढचा प्रश्न आला, "मग तपासणीत काय निघालं?"

"संशय खरा ठरला," मी म्हणालो.

तिघांनी माना डोलावल्या. माझ्यासाठी चहा मागवला. तो मी संपवला.

जागा मला मिळाली. तो माणूस कारखान्याच्या ऊसतोडीला जाऊ लागला आणि काही वर्षांपूर्वी वारला. गावात त्याच्या नातवंडांना अजून 'पाणीवाल्याची पोरं' म्हणतात. मीही ते ऐकून घेत आलो.

त्याच्या दुधात पाणी होतं की नव्हतं, हे मला कळणंच शक्य नव्हतं. तो चहा मी ओठाला लावलाही नव्हता.