आतोबांच्या बशीतला फेस

साऱ्या माळव्यात कुणाचं ढोपर फुटलं की मनापासून आनंद होणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. सत्तरच्या दशकात देवासच्या कापड कारखान्यात नोकरीला आले आणि धारच्या आमच्या दरबारी वळणाच्या घराचे जावई झाले. मी सुट्टीत धारहून देवासला गेले की सायकलवरून पडणार हे ठरलेलं. आत्या हळद शोधेपर्यंत आतोबा जखम धुवायच्या पेरॉक्साइडची बाटली घेऊन धावत यायचे, ढोपरावर ओतायचे, आणि पांढरा फेस उसळला की मी भोकाड पसरलेलं असताना टाळ्या पिटायचे. "रडतेस काय वेडे! तुझ्या रक्तातलं एंझाइम काम करतंय. लाखमोलाची वस्तू, आणि तुला फुकट मिळालीय!"

कारखान्यात त्यांचं काम बॉयलरचं पाणी तपासायचं, पण जीव अडकलेला या एंझाइममध्ये. ते बटाट्यातही असतं म्हणे. त्या एंझाइमच्या पोटात लोखंडाचा अणू आणि भोवती एक कडं. तसंच कडं आपण हातानं घडवायचं, मधे लोखंड बसवायचं आणि बटाट्याशिवाय फेस काढायचा, हा त्यांचा ध्यास. कापड पांढरं करताना उरलेलं पेरॉक्साइड धुवायला कारखाना पाण्याचा नुसता पूर वाहवायचा, आणि देवासला तर पाण्याची बोंब. आतोबांचं कडं ते पेरॉक्साइड जागीच फोडून सगळं पाणी वाचवणार होतं. "खरं एंझाइम उकळलं की मरतं," आतोबा सांगायचे, "माझं उकळत्या पाण्यातसुद्धा काम करेल!" यापायी स्वयंपाकघरातली निम्मी फळी त्यांनी बळकावली होती. चतुर्थीला घरात टोपलीभर बटाटे, पण आत्यानं एकाला हात लावला की, "तो नको, तो नमुना आहे!" शेजारचे काका तर दारातूनच विचारायचे, "क्यों भिया, आज चाय मिलेगी कि एसिड?"

एकदा कारखान्याचे मोठे साहेब त्यांच्या भुणभुणीला कंटाळून घरी आले. प्रयोग जमला तर कारखान्यातली मागची खोली आतोबांना प्रयोगांसाठी मिळणार होती. आतोबांनी लग्नातला कोट चढवला. आधी चाकूनं बटाटा चिरून त्याचा फेस दाखवला. मग त्याच चाकूच्या टोकानं आपण घडवलेल्या कड्यांची तपकिरी पूड दुसऱ्या बशीत टाकली, वर पेरॉक्साइड ओतलं, आणि काय सांगू! फेस बशीबाहेर, थेट टेबलक्लॉथवर. साहेब उठून उभेच राहिले. "वाह! कमरा आपका!" आत्यानं खव्याची गोड मावाबाटी पुढे केली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

आतोबा मात्र चाकूच्या ओल्या पात्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "एक मिनट, साहब. इसको उबालके देखना बाकी है."

"अहो, खोली देताहेत ना ते?" आत्या मागून कुजबुजली. "गप्प बसवत नाही का?"

नाहीच बसवलं. बशीतलं पाणी त्यांनी खळखळून उकळलं, गार केलं, पुन्हा पेरॉक्साइड घातलं. पाणी ढिम्म! साहेब हसले, मावाबाटी संपवून निघून गेले. त्या खोलीत पुढे बारदान भरलं. मी रागानं रडायला लागले, तर आतोबाच माझी समजूत काढायला आले. "अगं, फेस बटाट्याचा होता. बटाट्याला खोली द्यायची का?"

पुढे कित्येक वर्षांनी आतोबा वारले, आणि मी आत्याला भेटायला गेले, तेव्हा फळीवरची रिकामी जागा बघून मला राहवलं नाही. विचारलं, "आत्या, त्यांना शेवटी जमलं का गं?"

"एकदा," ती म्हणाली. "रिटायर झाल्यावर. मी पोळ्या करत होते, हाताला धरून ओढत नेलं मला. म्हणाले, 'उकळलेलं आहे. बुडबुडे आहेत ना गं? की मला भास होतोय?'"

"होते?"

"मला कुठे दिसतंय बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! पण ते माझा हात काही सोडेनात… मी म्हटलं, हो, आहेत की. मग इतके निवांत जेवले त्या दिवशी!" तिनं पदरानं डोळे टिपले. "सगळं उकळून बघायचे गं, पण माझा शब्द तेवढा तसाच धरला."