तिला पळायचं नव्हतं

गिरिजा गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. आमच्या शाळेच्या जुन्या मुलामुलींचा एक ग्रुप आहे, एरवी त्यावर नुसती सुप्रभातची फुलं येतात. त्यात कुणीतरी टाकलं, "कोयनानगरची हरणी हरपली." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. आधी रडू यायला हवं होतं, पण मला संतापच आला. साठी उलटलेली, मधुमेहानं पाय सुजलेली, दोन जिने चढताना चारदा थांबणारी बाई मेली, तरी ही माणसं तिला हरणीच म्हणतायत! दोन दिवसांनी सांगलीच्या पेपरात चार ओळी आल्या. त्यातही 'माजी धावपटू'च. मी साताऱ्यात बसून एकटीच पेपरावर ओरडले, "अहो, तिला पळायचं नव्हतं!" आता दीड महिना होऊन गेला, तरी तो राग काही उतरत नाही. म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही दोघी कोयनानगरच्या वसाहतीत वाढलो. आमचं गाव रहिमतपूर, घरचा ऊस, पण वडील प्रकल्पावर कारकून असल्यामुळे आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. गिरिजाचे वडील लक्ष्मणकाका कारवारकडच्या रानातले सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे ते वंशज, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की गिरिजा आमच्या सगळ्यांपेक्षा काळी आहे आणि तिचे केस बारीक कुरळे आहेत. काका कामगार म्हणून धरणावर आले आणि इथलेच झाले. गिरिजा बोलायची आमच्यासारखीच, किंबहुना आमच्यापेक्षा जास्त ठसक्यात. तरी बाजारात एखादा नवखा माणूस तिला हिंदीत विचारायचा, "कहाँ से आयी?" ती शांतपणे म्हणायची, "हितलीच हाय की मी. तुमी कुठलं?"

घरी तिच्या आईचा एकच ध्यास... पोरीनं उन्हात जायचं नाही. रोज सकाळी ती गिरिजाचे केस तेल चोपडून इतके करकचून ओढून बांधायची, की गिरिजाच्या भुवया वर जायच्या. तिचा धाकटा भाऊ यशवंत, त्याचेही केस तसेच. पण तो डोक्यावर जंगल घेऊन दिवसभर उंडारायचा. त्याला पोरांनी चिडवलं तर तो ठोसा हाणून यायचा आणि आई कौतुकानं म्हणायची, "पोरगा हाय, निभंल त्येचं." पोरीचं निभणार नाही हे बारा वर्षांच्या पोरीसमोरच बोललं जायचं. "आधीच काळी, त्यात आसलं क्यास. कोन करनार हिला?" आणि आमचं घर काय मोठं शहाणं होतं असं नाही. माझी आई मला साय-हळद लावून म्हणायची, "गिरिजाबरोबर उन्हात हिंडू नकोस, तिच्यासारखी होशील." मी हे गिरिजाला गंमत म्हणून सांगितलं. खरंच, गंमत म्हणून! ती हसली. मग दोन दिवस ती माझ्याबरोबर चालताना सावलीच्या बाजूला मला ठेवायची. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आणि शाळेत? शाळेत बरोब्बर उलटं. पाचवीत खेळाचे सर नवीन आले. पहिल्याच दिवशी त्यांनी गिरिजाला उभं केलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "ह्या लोकांच्या रक्तातच पळणं असतं." झालं. त्या दिवसापासून गिरिजा मैदानावर. गंमत म्हणजे ती पळण्यात अगदीच साधी होती हो! पहिल्या शर्यतीत आमच्यातली एक ढोली मुलगीसुद्धा तिच्या पुढं गेली. पण सरांना ते दिसलंच नाही. ते म्हणाले, "आळस करतेय. अंगात आहे, काढत नाही." मग जे अंगात नव्हतंच ते काढण्यासाठी तिला दुपारी, भर उन्हात, जादा फेऱ्या. संध्याकाळी आई रागवायची, "किती काळी पडलीस, बग जरा!" घरानं उन्हातून आत ओढायचं, शाळेनं उन्हात ढकलायचं, आणि बाई, तुला काय पाहिजे हे दोघांपैकी कुणीही विचारायचं नाही.

तिला गणित पाहिजे होतं. आकडे बघितले की तिचा चेहरा निवायचा. हौद भरण्याची, रेल्वेगाड्या एकमेकींना ओलांडण्याची ती भयानक उदाहरणं ती पाटीवर न मांडता सोडवायची. मला समजावताना वैतागायची, "आगं सुजा, उत्तराच्या मागं लागू नगं. आधी काय इचारलंय ते बग की!" सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं तिला वेडच लागलं होतं. शाळेनं आम्हाला सहामाहीलाच सांगितलं होतं, की पाच जणांना पाटणच्या केंद्रावर नेणार. गिरिजानं जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडून मागून नेल्या, चुलीपुढं बसून सोडवल्या, कोपरे राखेनं काळे करून परत आणल्या.

आणि नेमके त्याच रविवारी तालुक्याचे खेळ आले.

आता जे सांगायचंय ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मोठे गुरुजी वर्गावर आले. चार नावं ठरली होती. पाचव्या जागेसाठी त्यांनी मला उभं केलं. गिरिजा तेव्हा मैदानावर फेऱ्या मारत होती, खिडकीतून दिसत होती. गुरुजींनी साधा प्रश्न विचारला, "गणितात पुढं कोण? तू का ती?" सगळ्या वर्गाला उत्तर माहीत होतं. मला तर सगळ्यांत जास्त. मी म्हणाले, "मी, गुरुजी. ती तर पळायला जाणार हाय." गुरुजी म्हणाले, "बरोबर. तिचं ते तिकडं, तुझं हे इकडं." आणि नाव लिहून घेतलं... एवढंच. आरडाओरडा नाही, अन्याय वगैरे मोठा शब्द नाही. लक्ष्मणकाका दुसऱ्या दिवशी शाळेत आले होते, टोपी हातात धरून. "गुरुजी म्हनतील तसं," म्हणून परत गेले. तिच्या आईनं विचारलं ते फक्त, "सावलीत पळवत न्हाईत व्हय?"

त्या रविवारी मी पेपर लिहिला आणि गिरिजा अनवाणी पळून पाचवी आली. सर परतीच्या वाटेवर तिच्याशी बोलले नाहीत. सोमवारी तिनं मला एकच विचारलं, "गनितं कसली आलती?" मी आठवतील तेवढी सांगितली. तिनं तिथल्या तिथं, पायरीवर बसून, खडूनं सोडवली. मला शिष्यवृत्ती मिळाली, वडिलांनी पेढे वाटले. तिच्या घरीही दिले. तिनं खाल्ला.

पुढचं सगळं त्याच वाटेनं गेलं. पळवून पळवून कुणीही थोडंफार पळतंच. दहावीपर्यंत तिच्याकडे दोन-तीन प्रमाणपत्रं जमली आणि त्यांच्यावर जे एक दार उघडलं त्यातून ती खेळाची शिक्षिका झाली. सांगलीच्या एका शाळेत तीस वर्षं शिट्टी घेऊन उन्हात उभी राहिली. स्थळं आली ती फोटो बघून गेली. ती यशवंतच्याच घरी, वरच्या खोलीत राहिली. मी दरवर्षी भेटायचे, कधी माफी मागितली नाही. एकदा फक्त म्हणाले, "गिरे, त्या वेळी मी..." तिनं हात वर केला, वर्गाला गप्प करताना करतात तसा. "चा पी. निवतोय."

शोकसभेला मी गेले होते. तिच्या सांगलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, की तिच्या नावानं धावण्याची स्पर्धा ठेवणार. मी उठून म्हणाले, "ठेवायचीच तर गणिताची ठेवा." ते समजुतीनं हसले. "मॅडम, त्यांची ओळख शेवटी तीच ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आणि ती ओळख पक्की करणाऱ्यांत मीही होतेच की.

नंतर यशवंतची बायको शोभा मला वरच्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, "ताई, ह्ये कुनाला द्यायचं कळंना." कपाटातला खालचा खण प्रश्नपत्रिकांनी भरलेला होता. शिष्यवृत्तीच्या. दरवर्षीच्या. बसस्टँडजवळच्या दुकानातून सरावाच्या आणायच्या आणि परीक्षेच्या दिवशी दार लावून, घड्याळ समोर ठेवून सोडवायच्या. "त्या दिशी हाक मारायची न्हाई म्हनून सांगून ठिवायच्या," शोभा म्हणाली. आता ही परीक्षा आठवीला असते. अलीकडच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर छापलेलं 'आठवी' नीट पट्टी धरून खोडलेलं, शेजारी 'सातवी' लिहिलेलं. नावाच्या रकान्यात पूर्ण नाव. शाळा, आमची. तपासूनही तिनंच ठेवलेल्या, लाल पेनानं, एका ठिकाणी एकक लिहायचं राहिलं म्हणून अर्धा गुण कापलेला.

सगळ्यांत वरची कोरी होती. यंदाची. त्या खोलीत अजून तिच्या तेलाचा वास होता. शोभा चहा करायला खाली गेली, तेव्हा मी तिच्या खुर्चीवर बसले, तिचीच पेन्सिल घेतली आणि घड्याळ बघून सुरुवात केली.

तिसऱ्या गणिताला अडले. शिष्यवृत्ती मला मिळाली होती.