दुभंगलेल्या ओठाची शिट्टी

आठवडी बाजारात पन्नाशीचा एक शेळीवाला शिट्टी वाजवून आपली जनावरे गोळा करत होता. त्याच्या वरच्या ओठावर एक बारीक, सरळ रेघ होती. ती शिवण मी ओळखली. माझ्या दिवंगत पत्नीच्या हातची होती. जन्मतः दुभंगलेल्या ओठाला शिट्टी वाजवता येत नाही.

तिच्या शोकसभेत तिचे शहरातल्या रुग्णालयातले जुने वरिष्ठ सर्जन गहिवरून म्हणाले, "त्या करुणेची मूर्ती होत्या. मीच त्यांना या डोंगरात पाठवले." सभेने माना डोलावल्या. मला दोन्ही विधाने अमान्य आहेत. बाईच्या हाती सुरी देणार नाही, असे सांगून याच गृहस्थांनी तिला घालवले होते. आणि ती इथे आली ती संतापाने. एखादा ओठ नीट जुळला की ती म्हणे, "अहो, दाखवा नेऊन त्यांना." दयेने सुरू झालेले दवाखाने दोन पावसाळ्यांत ओस पडलेले मी पाहिले आहेत. सूड मात्र रोज पहाटे वेळेवर उठतो, हात धुतो आणि कामाला लागतो.

"डॉक्टरीणबाईंनी शिवला ना?" मी विचारले.

"हां बाबा. लई रागीट बाई. म्हणल्या, शिट्टी आल्याबिगर तोंड दाखवू नको."

"रविवारी दवाखान्यात तिच्या तसबिरीचे अनावरण आहे. पाहुणे म्हणून तिचे शहरातले जुने वरिष्ठ येतील. ते 'मीच पाठवले' म्हणाले की अशीच वाजव."

"भर सभेत? बरं दिसंल का ते?"

"दिसणार नाही," मी म्हणालो. "पुढच्या रांगेत बस."